डावीकडून पहिली तार

गुरुवार, ता. २

ही वही प्रयोगाच्या नोंदींसाठी आणली होती. पण प्रयोगाच्या वहीत शिव्या लिहिता येत नाहीत, कारण ती पुढे कोणीतरी वाचतं. म्हणून ही वेगळी काढली.

आज कुलसचिवांचं पत्र आलं. तेरा तारखेपासून पाच दिवस क्वांटम संगणनावर कार्यशाळा. भौतिकशास्त्र, संगणक, गणित, रसायन, तत्त्वज्ञान, सगळ्यांनी एका सभागृहात बसून एकमेकांचं ऐकून घ्यायचं. मी या इमारतीत तीस वर्षं काढली आहेत. इथे दोन विभागांची माणसं लिफ्टमध्ये अडकली तरी एकमेकांचं ऐकणार नाहीत.

खरी गोम शेवटच्या परिच्छेदात आहे. शेवटच्या दिवशी तिघांची समिती येणार. तिच्यासमोर भौतिकशास्त्र आणि संगणक या दोन विभागांनी मिळून माझ्या यंत्रावर एक प्रयोग करून दाखवायचा. जमला तर संयुक्त केंद्र मंजूर आणि माझी प्रयोगशाळा कायम. फसला तर ते यंत्र थंड ठेवणारं शीतयंत्र बंद, आणि तळमजल्यावरची ती खोली ग्रंथालयाला जुनी वर्तमानपत्रं ठेवायला. एकोणीस वर्षं एकेक पाईप जोडत उभं केलेलं यंत्र, आणि त्याच्या जागी रद्दी.

दुसरा संयोजक कोण? संगणक विभागाचे प्रमुख. म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

शुक्रवार, ता. ३

धाकट्याबद्दल एकदाच लिहून टाकते, म्हणजे रोज लिहावं लागणार नाही.

तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचा अभ्यास मी घेतला, त्याला कॉलेजात मी घातलं, पुढे प्रयोगशाळेतही मीच घेतलं. सहा वर्षं माझ्या हाताखाली शीतयंत्रावर होता. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला लिहू. आणि अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या टेबलावर पेपरवेटखाली चिठ्ठी. "ताई, मला संगणक विभागातून बोलावणं आलंय, जावं म्हणतोय." एवढं पहिलं वाक्य वाचलं, चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पुढे काय असणार? आभार. त्याच्यामागोमाग माझे दोन चांगले विद्यार्थीही तिकडे गेले.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. त्याने माझ्या प्रयोगशाळेच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि त्याने लिहिलेलं काहीही मी वाचायचं नाही. पहिला नियम त्याला माहीत आहे. दुसरा सांगायची कधी वेळ आली नाही.

रविवार, ता. ५

आई धाकट्याकडे राहते. रविवारी साडेदहाला तो भाजी आणायला बाहेर पडतो, मी पावणेअकराला पोचते. तो बाराला परत येतो, मी पावणेबाराला निघते. इतक्या वर्षांत हे वेळापत्रक फक्त दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा त्या दुकानालाच सुट्टी होती.

आईला कार्यशाळेची बातमी कळलेली होती. फार खूश. म्हणाली, "आता तरी एका खोलीत बसाल."

"खोली मोठी आहे," मी म्हटलं.

"लहानपणी कसा तुझ्या मांडीला मांडी लावून बसायचा. बेरीज डावीकडून करायचा, आठवतं का गं? मोठा आकडा आधी. मग हातचा आला की रडायचा."

"आठवतं की. पट्टी मोडली होती मी."

"त्याच्या बोटांवर मोडली होतीस."

"एकक आधी, उजवीकडून सुरू कर, हे शंभरदा सांगून झालं होतं. शेवटी शिकला ना?"

"शिकला. अजून विसरला नाहीये," आई म्हणाली आणि चहाची कपबशी उचलून आत गेली. तिला काय सुचवायचं असतं ते मला कळतं. पण त्या पट्टीमुळेच तो आज विभागप्रमुख आहे, हे कोणी बोलत नाही.

सोमवार, ता. ६

संयोजकांची पहिली बैठक. धाकटे साहेब कोट घालून आले होते. आल्या आल्या माझ्यापुढे चौदा पानी बाड ठेवलं. "समान संकेतांची यादी." म्हणे वेगवेगळ्या विभागांत एकाच गोष्टीला वेगळं नाव असतं, एकच गोष्ट वेगळ्या टोकाकडून मोजतात, तर आधीच काय ते ठरवून घेऊ आणि दोघं सह्या करू. एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. क्यूबिट म्हणजे काय हे ज्याला मी शिकवलं, तो मला शब्दार्थ देतोय.

जिन्यात गाठलं त्याने. "ताई, यादी बघितलीस का? तुला पटत नसेल ते बदलतो मी. नीट बघून मगच सही कर."

"बघितली," मी म्हटलं आणि भिंतीला टेकवून दोन्ही प्रतींवर सही केली. त्याने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मीही बघितलं. तो खाली गेला. माझी प्रत खालच्या खणात, गॅसच्या टाक्यांच्या पावत्यांखाली टाकली. तिथे ती सुखात राहील.

गुरुवार, ता. ९

पहिली तालीम झाली. प्रयोग साधाच आहे, समितीला कळेल असा. कोणीतरी शून्य आणि एक यांचा पाच अंकी आकडा मनात धरायचा. धाकट्याचा प्रोग्राम तो आकडा आमच्या चिपमध्ये दडवतो. मग मी यंत्राला विचारायचं, सांग कोणता. साध्या संगणकाला पाच अंक ओळखायला पाच वेळा विचारावं लागतं. आमच्या यंत्राला एकदाच. चिपवर पाच क्यूबिट आहेत, आकड्याच्या एकेका अंकाला एक, प्रत्येकाची एक तार बाहेर येते, आणि प्रत्येक तारेला आमच्या मिस्त्रींनी एक दिवा जोडला आहे. दिवा पेटला की एक, नाही पेटला की शून्य. तारांना त्यांनी काळ्या पट्ट्यांवर पांढरे नंबर चिकटवले आहेत, डावीकडून एक ते पाच, धाकटा गेल्यावर दहा वर्षांपूर्वी ही चिप बसवली तेव्हापासून.

मिस्त्री माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत. कमी बोलतात. या इमारतीत असा दुसरा माणूस नाही.

धाकटा आणि त्याची मंडळी शेजारच्या खोलीत काचेमागे. आत यायचं नाही, हे मी त्यांच्या विभागाला लेखी कळवलं होतं. आकडा मी निवडला: १०१०१. सुबक दिसतो. दिवे बरोबर लागले, पहिला, तिसरा, पाचवा. काचेमागे त्याची पोरं टाळ्या वाजवत होती. मी वाजवल्या नाहीत. यंत्र माझं आहे, त्याचं मला कसलं आश्चर्य?

शुक्रवार, ता. १०

दुसरी तालीम. ११०११. बरोबर.

नंतर काचेपलीकडून माईकवर धाकटा म्हणतो, "मॅडम, एखादा आडवातिडवा आकडा घेऊन बघू या का? हे दोन्ही फार देखणे आहेत."

चारचौघांत मला तो मॅडम म्हणतो. मी म्हटलं, "यंत्र तापायला लागलंय. परत थंड करायला दीड दिवस जातो. तुमच्या हौसेसाठी ते मी वाया घालवणार नाही."

"एकच वेळ."

"नाही म्हटलं ना."

त्याने माईक बंद केला. सममित आकड्यांना काय वाईट आहे? भौतिकशास्त्रात सौंदर्याला किंमत असते. ती त्या कीबोर्डवाल्यांना कळायची नाही.

सोमवार, ता. १३

कार्यशाळा सुरू झाली एकदाची. सकाळी नऊ ते सव्वाअकरा "मोजमाप म्हणजे काय" यावर वाद. तत्त्वज्ञानवाल्यांचा एक उंच माणूस आहे, बोलताना डोळे मिटतो. त्याने विचारलं, "मोजण्याआधी तो आकडा तिथे असतो का?"

मी म्हटलं, "समितीच्या पाकिटात असतो."

लोक हसले. त्याला झोंबलं. मग दुपारभर मी जे काही बोलेन त्यावर तो "पण कोणत्या अर्थाने?" असं विचारत राहिला. चहाच्या वेळी त्याने माझ्याकडे पाठ करून बिस्किटं घेतली. रसायनवाले तिसऱ्या रांगेत बसून आमचं यंत्र किती छोटं आहे यावर आपसांत खिदळत होते. त्यांनी स्वतः शेवटचं यंत्र कधी बांधलं ते विचारायला हवं होतं. उद्या विचारते.

धाकटा मंचावर मधोमध बसून सगळ्यांना हो हो करत होता. सगळ्यांशी गोड. असल्या गोड माणसाचा मला संताप येतो, कारण तो नेमका कोणाच्या बाजूने आहे ते कळत नाही.

मंगळवार, ता. १४

रसायनवाल्यांना विचारलं. आता ते बोलत नाहीत. बरं झालं.

बुधवार, ता. १५

तिसरी तालीम. ०१११०. बरोबर.

आज गणितवाल्या बाई बघायला आल्या होत्या. दोन महिन्यांनी निवृत्त होतील, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मला म्हणाल्या, "तुम्ही नेहमी असेच आकडे का घेता हो? उलटे वाचले तरी तेच."

"दिसायला बरे दिसतात."

"तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि जरा वेळ माझ्या तारांवरच्या नंबरांकडे बघत उभ्या राहिल्या. मग काचेपलीकडे धाकट्याकडे बघितलं. काही विचारतील असं वाटलं होतं. पण मी घड्याळ बघितलं, आणि त्या गेल्या. गणितवाल्यांना प्रयोगशाळेत काय करायचं ते कळत नाही, नुसती गर्दी करतात.

संध्याकाळी कुजबूज ऐकली. केंद्र मंजूर झालं तर प्रमुख म्हणून धाकट्याचं नाव पुढे आहे. यंत्र माझं, जागा माझी, आणि खुर्ची त्याची. आता सगळा उलगडा झाला. म्हणून ही गोडी, म्हणून त्या याद्या.

शुक्रवार, ता. १७



सभागृह भरलेलं. समितीच्या अध्यक्षबाई वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या अभियंत्या, काटक, सगळ्यांना "आपण" म्हणतात. त्यांनी पाकिटात आकडा लिहून ठेवला, दुसऱ्या कागदावर तोच लिहून धाकट्याच्या हातात दिला. त्याने तो प्रोग्रामला दिला. खालच्या मजल्यावरून मी यंत्राला विचारलं. पाच दिव्यांचं चित्र सभागृहाच्या पडद्यावर. पहिला पेटला, दुसरा नाही, तिसरा पेटला, चौथा पेटला, पाचवा नाही. १०११०. मी फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं.

वर कोणीतरी पाकीट फोडलं. मग अध्यक्षबाईंचा आवाज: "पाकिटात ०११०१ आहे."

पाचपैकी एक अंक बरोबर! नाणं उडवलं असतं तरी यापेक्षा बरं निघालं असतं.

मी जिने चढून वर गेले. तत्त्वज्ञानवाला चक्क डोळे उघडून हसत होता. गणितवाल्या बाई कागदावर ते दोन आकडे एकाखाली एक लिहून बसल्या होत्या. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, मी तो बाजूला सारला. मला फक्त धाकटा दिसत होता. पडद्याखाली उभा, चेहरा पांढरा, चष्म्याआडून त्या पाच दिव्यांकडे टक लावून.

जे बोलले ते तसंच लिहिते. ऐंशी माणसांसमोर म्हटलं, "हे तू मुद्दाम केलंस. तीन तालमी बरोबर झाल्या आणि आजच कसा चुकला तुझा प्रोग्राम? एकदा माझी प्रयोगशाळा अर्ध्यावर टाकून पळालास, आता उरलेली बुडवायला आलास. खुर्ची हवी होती तर मागायची होतीस. भीक म्हणून दिली असती."

धाकट्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. काहीतरी चाचपडत राहिला, बहुधा चष्मा. बराच वेळ हात तसाच आत. मग रिकामा हात बाहेर काढला आणि अध्यक्षबाईंना म्हणाला, "चूक आमच्याकडची आहे. मॅडमचं यंत्र बरोबर आहे."

बस, एवढंच. कबूल केलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

शनिवार, ता. १८

अध्यक्षबाईंचा फोन. संयुक्त केंद्राचा विचार सोडला आहे. यंत्रात दोष नसल्याने प्रयोगशाळा राहील, केंद्र एकट्या भौतिकशास्त्राचं होईल, प्रमुख मी. संगणक विभाग यातून बाहेर. धाकट्याच्या विभागप्रमुखपदाबद्दलही वेगळं पत्र जाणार, कारण "एवढ्या मोठ्या प्रसंगी एवढा निष्काळजीपणा." सोमवारी सह्या.

जिंकले. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मी म्हटलं, "बरं काय? खोली वाचली आपली." ते म्हणाले, "हो बाई. पण साहेब असं चुकत नाहीत."

मिस्त्रींकडून ही अपेक्षा नव्हती.

रविवार, ता. १९

आज आईकडे गेले नाही. तिचाच फोन आला. "शुक्रवारपासून तो नीट जेवला नाहीये. काय केलंस तू त्याला?"

"त्याने काय केलं ते विचार."

"त्याला विचारलं. तो म्हणतो, काही नाही. तुम्ही दोघंही लहानपणापासून खोटारडे," असं म्हणून आईने फोन ठेवला. ऐंशी वर्षांची बाई, फोन आपटते.

दुपारी प्रयोगशाळेत गेले. गॅसवाल्याला टाक्यांची जुनी पावती हवी होती म्हणून खालचा खण उपसला. पावत्यांखाली ती यादी. उचलून टोपलीत टाकणार होते. पण शेवटचं पान वर आलं होतं आणि त्यावर माझी सही दिसली. माझ्या सहीच्या वर काय आहे एवढंच बघायचं म्हणून बघितलं.

"मुद्दा ३१. तारांची मोजणी. आम्ही पहिली तार सगळ्यात उजवीकडची धरतो, आकडा लिहिताना एककाचा अंक जिथे असतो ती. प्रयोगशाळेत डावीकडून मोजत असल्यास कळवावे, आम्ही प्रोग्राम बदलू. न कळवल्यास प्रयोगशाळा उजवीकडून नंबर लावेल असे धरले आहे." खाली त्याची सही. शेजारी माझी.

पाकिटातला आकडा ०११०१. यंत्राचा १०११०. कागदावर लिहून उजवीकडून वाचला. वाचायचीही गरज नव्हती, पहिल्या वर्षाच्या पोराला दिसलं असतं. गणितवाल्या बाई हेच दाखवत होत्या. यंत्र बरोबर होतं, प्रोग्रामही बरोबर होता. आणि तिन्ही तालमींचे आकडे मी निवडले होते, दोन्हीकडून सारखे.

पुढचं लिहू की नको? लिहिते. पहिला विचार आला तो कागद फाडायचा. मधोमध धरलाही होता. मग वाटलं, फाडून काय उपयोग, दुसरी प्रत त्याच्याकडे आहे.

आणि मग लक्षात आलं की ती शुक्रवारीही त्याच्याकडेच होती. कोटाच्या आतल्या खिशात तो चष्मा शोधत नव्हता. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता.

मी भीक म्हणत असताना त्याच्या बोटांत माझी सही होती. एक कागद बाहेर काढला असता तर माझा तिथेच निकाल लागला असता. काढला नाही. आणि हे त्याला सांगितलं कोणी होतं? मी मागितलं होतं का? माझ्यावर उपकार करतो! माझी खोली मला दान देतो! इतका राग मला शुक्रवारीही आला नव्हता.

सोमवार, ता. २०

दहाच्या आत अध्यक्षबाईंच्या खोलीत गेले. निर्णयाची पत्रं टेबलावर, सह्या व्हायच्या होत्या. त्यांच्यावर मी यादीचं शेवटचं पान ठेवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "याचा अर्थ काय समजायचा?"

"सही माझी आहे. वाचली नव्हती. चूक माझी."

"मग त्यांनी शुक्रवारी चूक स्वतःची का म्हणून सांगितली?"

"माझा भाऊ आहे तो."

"हे कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. मग पत्रं उचलून फाडली, व्यवस्थित, आडवी आणि उभी. "सहा महिन्यांनी पुन्हा प्रयोग दाखवा. दोघांनी मिळून. तोवर केंद्र नाही, आणि खोलीही कोणाला देणार नाही. प्रयोगशाळेचा ताबा मात्र संगणक विभागप्रमुखांकडे राहील. आपण त्यांच्या हाताखाली काम कराल. ते निदान वाचून सही करतात असं दिसतं."

मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक काहीही नव्हतं. जिन्यात तत्त्वज्ञानवाला भेटला, त्याने "काय म्हणता?" असं विचारलं. मी म्हटलं, "कोणत्या अर्थाने?"

मंगळवार, ता. २१

किल्ली द्यायची होती. धाकटा प्रयोगशाळेच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. आज कोट नव्हता. मी आतूनच किल्ली त्याच्या हातात दिली. मी आत, तो बाहेर, मध्ये उघडं दार.

"कशाला गेलीस तिकडे?" त्याने सुरुवातच अशी केली. "मिटवलं होतं ना मी सगळं?"

"तू कोण मिटवणारा? मला विचारलंस?"

"विचारलं होतं! चौदा पानं लिहून विचारलं होतं. जिन्यात तोंडाने विचारलं. बघितली म्हणालीस तू."

"तू लिहिलेलं मी वाचत नाही. अकरा वर्षं झाली."

हे त्याला माहीत नव्हतं. मग जो भडकला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "लहानपणी बोटांवर पट्टी मोडलीस माझ्या! उजवीकडून सुरू कर, उजवीकडून सुरू कर! आयुष्यभर उजवीकडून मोजतोय मी, ताई. सगळा विभाग मोजतो. आणि तूच इथे बसून डावीकडून मोजतेस?"

मी म्हटलं, "ओरडू नकोस, यंत्र चालू आहे."

"आत ये म्हण मग."

"किल्ली तुझ्याकडे आहे. मी कशाला म्हणू?"

तो हलेना, मीही हलेना. शेवटी आतून मिस्त्री म्हणाले, "साहेब, एसीची हवा बाहेर जातेय. आत या, नाहीतर दार लावा."

तो आत आला. एवढ्या वर्षांनी आला आणि पहिल्यांदा काय केलं, तर दाबाचा काटा वाचला आणि डावीकडची झडप पाव फेरा आवळली. ती आवळायलाच हवी होती.

गुरुवार, ता. २३

सकाळी तारांवरच्या जुन्या पट्ट्या काढल्या. दहा वर्षांत डिंक दगडासारखा झाला होता, नखाने खरवडत बसावं लागलं. मिस्त्री नव्या पट्ट्यांचं रीळ घेऊन उभे. म्हणाले, "बाई, कुठून सुरू करू?"

धाकटा छताकडे बघायला लागला. छतावर काहीही नव्हतं.

"उजवीकडून," मी म्हटलं. "एककापासून."

तो काही बोलणार होता. मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नकोस." मिस्त्रींनी पहिली पट्टी लावली.

रविवारपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. ती विचारायला याहून वाईट वेळ मिळाली नसती, पण मी विचारली. "जाताना ती चिठ्ठी ठेवली होतीस माझ्या टेबलावर. किती मोठी होती?"

"दोन ओळी. का?"

"मी पहिलीच वाचली होती."

रिळाची सुटी पट्टी त्याच्या बोटाला चिकटली होती, ती तो सोडवत बसला. एका बोटावरून सुटली की दुसऱ्याला चिकटायची.

"दुसरी काय होती?" मी विचारलं.

"तू थांब म्हणालीस तर थांबतो."

मिस्त्रींनी दुसरी पट्टी लावली, मग तिसरी. मी टेबलाशी जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं ते डिंकाच्या वासाने आलं, असं मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

"तोंडाने विचारायला काय झालं होतं तुला?" थोड्या वेळाने मी ओरडले.

"तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत कोणात होती?" तोही ओरडला.

पाचवी पट्टी लागली. उद्या दहा वाजता तालीम आहे. आकडा धाकटा निवडणार. मी त्याला बजावून ठेवलं आहे, दोन्हीकडून सारखा वाचता येईल असला घेऊ नकोस.